पावलं कुणाची

आमच्या ह्यांना चार पेठांत सगळे चावीकाका म्हणतात. खरं नाव रेशन कार्डावर आहे आणि ते तिथेच बरं आहे. पाणीपुरवठा खात्यात त्यांनी पस्तीस वर्षं काढली. काम एकच. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, खांद्याएवढी उंच चावी खाली खड्ड्यात घालायची आणि व्हॉल्व्ह फिरवायचा. एका बाजूला फिरवला की पुढच्या वस्तीचे नळ सुरू, दुसऱ्या बाजूला फिरवला की बंद. असे दोनशे चौदा व्हॉल्व्ह त्यांच्या ताब्यात होते. मला त्यांनी लग्नानंतर पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, "दोनशे चौदा आहेत." मी मनात म्हटलं, बरं, मी दोनशे पंधरावी.

मी स्वतः एकोणतीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात तपासनीस होते. गळ्यात टेप, हातात खडू, समोर शर्टांचा ढीग. कॉलर, बाही, खांदा मोजायचा, पाव इंच इकडेतिकडे झालं की खडूची फुली मारून परत पाठवायचा. शिवणाऱ्या बायका मला पाण्यात पाहायच्या. पण एक गोष्ट माझ्याबद्दल कुणी बोलू शकलं नाही. न बघता मी एकही शर्ट पास केला नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मला त्याच्यावरून लाज वाटायची वेळ आली.

पुस्तकाचं खूळ ह्यांच्या डोक्यात शिरलं ते अठ्ठावन्नाव्या वर्षी. लेकीच्या बाळंतपणाला आम्ही चार दिवस तिच्याकडे गेलो होतो. तेवढ्यात आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे मोठा नळ फुटला. खात्याची माणसं आली, नकाशा उघडला. नकाशात व्हॉल्व्ह रस्त्याच्या डाव्या हाताला. खणलं, नाही. उजवीकडे खणलं, नाही. पाच तास पाणी वाहत राहिलं आणि जिथे उतार होता तिथे गेलं, म्हणजे तळघरातल्या शिवणकामाच्या दुकानात. दोन मशिनी, लोकांचे कपडे, लग्नाची ऑर्डर, सगळं पाण्याखाली.

आम्ही परत आलो तसे हे त्या दुकानात गेले. मीही सोबत होते. शिवणकामवाली बाई भिजलेली कापडं पिळत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "काका, तुम्हाला जागा माहीत होती म्हणे. मग कुणाला सांगून का नाही गेलात?"

परत येताना त्यांनी दुकानातून दोनशे पानी वही घेतली. मला वाटलं, नातवाच्या जन्माचं काहीतरी लिहून ठेवणार असतील. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी वही उघडून पहिल्या पानावर तोच व्हॉल्व्ह लिहिला. पिवळ्या भिंतीच्या कोपऱ्यापासून एकोणीस पावलं, अठरा फेरे, सुलटा.

"हे काय?" मी विचारलं.

"पुस्तक," हे म्हणाले.

"कसलं?"

"सगळ्यांचं. एकेकाचं."

तेव्हापासून दहा वर्षं मी त्याला वह्याच म्हणत आले. "तुमच्या त्या वह्या उचला, जेवण वाढायचंय." "वह्यांवर पेला ठेवला तर एवढं काय झालं?" हे प्रत्येक वेळी सावकाश म्हणायचे, "पुस्तक आहे गं ते." एवढंच. ह्यांच्याशी भांडणात मजा नाही, समोरून काही येतच नाही.

पण लिहिण्याच्या बाबतीत माणूस हट्टी. त्यांचे तीन नियम होते. एक, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. खात्याच्या रजिस्टरात दरवर्षी मागच्या वर्षीचं उतरवून काढतात, त्यांच्या पुस्तकात उतरवणं बंद. दोन, पाहिलेलं शाईने, न पाहिलेलं लिहावंच लागलं तर पेन्सिलीने. तीन, प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक रकाना, 'कोणी पाहिला'. त्यात ते 'स्वतः' लिहायचे. दोनशे चौदा वेळा 'स्वतः' लिहिणाऱ्या माणसाला काय म्हणावं? मी एकदा म्हटलं, "अहो, एकदाच वर लिहा ना, सगळे मीच पाहिले म्हणून." तर म्हणाले, "मग खरं कशावरून?"

शिवाय प्रत्येक व्हॉल्व्हचा स्वभाव. हे मी चोरून वाचायचे आणि हसायचे. 'हा आडमुठा आहे. बाराव्या फेऱ्याला अडतो. जोर लावू नये, शिव्या देऊ नयेत, अर्धा फेरा मागे घ्यावा, मग आपणहून पुढे जातो.' दुसऱ्याबद्दल, 'हा उलटा. बंद करायला गेलं की उघडतो. नवीन माणसाची फजिती करतो.' बाजाराजवळच्या एकाला लिहिलं होतं, 'तक्रारखोर. फिरवताना किंचाळतो, पण काम चोख.' माझ्याबद्दल ह्या माणसाने चाळीस वर्षांत इतकं बारकाईनं काही म्हटलं नव्हतं.

नोकरी सुटली तरी हे सुटले नाहीत. सकाळी चहा घेतला की निघायचे, दुपारी येऊन खिडकीपाशी लिहायचे. एक नोंद लिहायला कधी दोन दिवस, कधी आठवडा. मधेच वर्ष-वर्ष वही उघडायचे नाहीत. पासष्टाव्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मला वाटलं, सुटलो. तर तीन महिन्यांत काठी घेऊन पुन्हा रस्त्यावर. शेवटची शेवटची पानं लिहिताना तर एक ओळ झाली की डोकं भिंतीला टेकून बसायचे. लेक फोनवर म्हणायची, "आई, बाबांना सांग, टाइप करून घेऊ." तिला काय सांगणार, टाइप करायला आधी ते लिहून व्हायला हवं, आणि इथेच घोडं पेंड खात होतं.

अडुसष्टाव्या वर्षी सातवी वही संपली. दोनशे चौदा. हे उठून उभे राहिले, खिडकी उघडली आणि म्हणाले, "झालं." मी चहा केला, त्यात साखर जास्त घातली. दोघं प्यायलो. मला खरंच बरं वाटलं होतं.

खात्यात तेव्हा नव्या इंजिनिअर बाई आल्या होत्या. हुशार, बोलायला मऊ. ह्यांनी सातही वह्या पिशवीत घालून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. बाईंनी चाळल्या, खूश झाल्या, म्हणाल्या, "काका, हे सोनं आहे. मी छापून घेते. आधी दोन-चार ठिकाणी तपासून बघू."

आठवड्याने बाई स्वतः वह्यांची पिशवी घेऊन घरी आल्या. सोबत दोन कामगार, चिखलाने माखलेले. बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि पाण्याचा पेला हातात घेऊन म्हणाल्या, "काका, तुम्ही लिहिलंय शाळेच्या भिंतीपासून अकरा पावलं. ह्यांनी अकरा पावलांवर खणलं. तिथे काही नाही."

"असं कसं होईल? आहे तिथेच," हे म्हणाले.

बाईंनी दोघांपैकी उंच कामगाराकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. "काका, पावलं कुणाची?"

"माझी," हे म्हणाले.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. एकोणतीस वर्षं टेप गळ्यात घालून फिरलेली बाई. दहा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर हा माणूस पावलं लिहीत होता आणि मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही की अहो, पावलं कुणाची? मी कपाळाला हात लावला.

हे चप्पल घालून निघाले. "चला, दाखवतो." आम्ही सगळे मागे. शाळेच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि मोजत चालले. अकराव्या पावलाला थांबले, पहार घेतली, जमिनीवर मारली. धप्प. शेजारी मारली. धप्प. उंच कामगाराचा खड्डा तिथून बराच पुढे होता. हे गोंधळले. खाली बघत म्हणाले, "झाकण सरकलंय."

दोघा कामगारांनी एकमेकांकडे पाहिलं. मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण त्यांचं काय चुकलं होतं? लोखंडी झाकण कुठे सरकतं?

हे पहार आपटत पुढे गेले. दोन-अडीच पावलं पुढे ठण्ण वाजलं. माती उकरली तर झाकण तिथेच होतं, जिथे ते आठ वर्षांपूर्वी अकरा पावलांवर होतं. हे पुन्हा भिंतीपाशी गेले, पुन्हा चालत आले. साडेतेरा. तिसऱ्यांदा गेले. साडेतेरा. मग भिंतीलाच टेकून उभे राहिले आणि आपल्या पायांकडे पाहत राहिले. बाईंनी टेप काढून अंतर मोजलं, मी मनात भागाकार केला. तेव्हाचं पाऊल चौऱ्याहत्तर सेंटीमीटर, आत्ताचं साठ. पाऊल आखूड होत गेलं होतं, दरवर्षी थोडं थोडं, आणि ते कधी किती झालं हे त्यांना स्वतःला कळलं नव्हतं. म्हणजे सात वह्यांतलं कुठलं पाऊल कोणत्या मापाचं, हे कुणालाच सांगता येणार नव्हतं.

घरी येऊन त्यांनी वह्या कपाटावर टाकल्या. वर, जिथे हात पोचायला स्टूल लागतं.

पुढचे चार महिने घरात शांतता होती. माझी जेवणाची जागा रिकामी, पेला कुठेही ठेवा. मी म्हणायचे, सुटले बाई. पण माणूस विझत चालला. दाढी करायचा कंटाळा, पेपर उघडून त्याच पानावर बसून राहणं. एकदा मी रागाने म्हटलं, "अहो, चुकलं तर चुकलं, जगात पहिल्यांदा चुकतंय का कुणाचं?" ते म्हणाले, "चुकलं त्याचं नाही गं. परत चालायचं बळ नाही. दोनशे चौदा."

असा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता. मला खूप वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. मी स्टूल घेतलं, वह्या खाली काढल्या, धूळ झटकली. मग हार्डवेअरच्या दुकानात जाऊन तीस मीटरची टेप आणली आणि त्यांच्या पुढ्यात आपटली.

"मोजायचं काम माझं आहे," मी म्हटलं. "तुम्ही फक्त टेपचं टोक धरून बसायचं. घडीचं स्टूल घेऊ सोबत. रोज तीन."

"तीनच?"

"तीनच. चौथा समोर दिसला तरी बघायचा नाही."

ही माझी कारखान्यातली शिकवण होती. ज्या दिवशी उत्साहाने शंभर शर्ट जास्त तपासले, त्याच्या दुसऱ्या दिवशी डोळे दगा देतात आणि वाकडी कॉलर पास होते. दमायच्या आधी थांबणारी बाईच महिनाअखेरपर्यंत टिकते. हे सगळं मी ह्यांना सांगितलं नाही, नुसतं तीन म्हटलं.

लांबचे आधी घ्यायचे ठरले, ह्यांचे पाय आहेत तोवर. घराजवळचे शेवटी. सकाळी सातला निघायचं. हे भिंतीपाशी स्टुलावर बसून टेपचं टोक धरायचे, मी दुसरं टोक घेऊन जायचे, पहार आपटायचे, झाकण उकरायचे, आत डोकावायचे, आकडा ओरडायचे. हे नव्या वहीत लिहायचे. लोक बघायचे. एक आजोबा रोज विचारायचे, "रस्ता रुंद होणार का हो?" मी सांगायचे, "हो, तुमच्या घरातून." मग ते विचारेनासे झाले.

मला लिहायला आवडलं असतं की त्या फिरण्यात आम्हाला पुन्हा नव्याने काहीतरी सापडलं. तसं काही नाही. कंबर दुखायची. नखांत माती. झाकणं गंजलेली, एकदा आतून उंदीर निघाला आणि मी रस्त्यात बसकण मारली. उन्हाळ्यात तीनचे दोन करावे लागले, पावसात आठवडाभर शून्य. कित्येक सकाळी आम्ही दोघं दाराशी चप्पल घालून उभे, आणि कुणीतरी आधी 'आज नको' म्हणावं म्हणून एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय. बहुतेक वेळा कुणीच म्हणायचं नाही, म्हणून निघायचो. त्याला जिद्द म्हणायचं असेल तर म्हणा.

एकशे त्र्याहत्तराव्या व्हॉल्व्हनंतर ह्यांची छाती दुखली. दवाखान्यात आठ दिवस. डॉक्टरांनी जिना उतरायला बंदी केली. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. घरी आल्यावर हे मला म्हणाले, "राहू दे आता." मी म्हटलं, "एक्केचाळीस राहिलेत. टेपच्या टोकाला खिळा बांधते आणि एकटी जाते."

आणि गेले. रोज तीन, कधी दोन. घरी आले की हे खिडकीपाशी वही उघडून बसलेले असायचे. मी आधी त्यांच्यासमोर पाय पसरून बसायचे आणि तक्रारी सांगायचे, कोण भांडलं, कुठल्या झाकणावर कुणी गाडी लावली होती, आणि मग आकडा. हे लिहायचे. 'कोणी पाहिला' च्या रकान्यात आता 'हिने' असायचं. पहिल्यांदा तो शब्द पाहिला त्या दिवशी मी भाजी चिरता चिरता दोनदा उठून वहीत बघून आले.

असे दोनशे तेरा झाले. राहिला शेवटचा, दोन गल्ल्या पलीकडचा. ज्याच्यामुळे सगळं सुरू झालं तो. पहिल्या वहीचं पहिलं पान.

तो दिवस भयंकर उकाड्याचा होता. मी पिवळ्या भिंतीच्या कोपऱ्यात खिळा ठोकून टेप लावली. पण फुटपाथच नवीन झालेला, सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवलेले. झाकण कुठेच दिसेना. पहार आपटली तर सगळीकडे सारखाच आवाज, की माझेच कान थकले होते, कोण जाणे. अर्धा तास वाकून वाकून डोळ्यांपुढे अंधारी आली. मी भिंतीच्या सावलीत बसले आणि मला रडू येईल असं वाटलं. दोनशे तेरा करून शेवटच्याला हात टेकायचे? परत उद्या यायचं? माझ्या अंगात उद्याचं काहीच शिल्लक नव्हतं.

मग मी भागाकाराच्या उलट गुणाकार केला. पहिल्या पानावरची पावलं म्हणजे जुनी, पूर्ण मापाची. एकोणीस गुणिले चौऱ्याहत्तर. चौदा मीटर सहा सेंटीमीटर. टेप गुंडाळली, घरी आले.

"सापडला?" ह्यांनी विचारलं.

"चौदा मीटर सहा," मी म्हटलं आणि पाणी प्यायला आत गेले.

बाहेर आले तेव्हा हे लिहीत होते. वही मिटली, त्यावर हात ठेवून बसले. म्हणाले, "दमलीस." मी हो म्हटलं. पुस्तक पूर्ण झालं होतं आणि दोघांपैकी कुणालाही आनंद झाला नाही. मी त्याचा दोष उकाड्याला दिला.

दुसऱ्या दिवशी हे झोपले असताना मी वही उघडली. म्हटलं, शेवटचं पान बघावं. दोनशे तेरा नोंदी शाईच्या. दोनशे चौदावी पेन्सिलीची. चौदा मीटर सहा. 'कोणी पाहिला' चा रकाना कोरा.

मला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. मी तिथेच उभी राहिले. हे जागे झाले, माझ्या हातात वही पाहिली. मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

ते म्हणाले, "तुझे हात स्वच्छ होते गं."

एवढंच. रागावले नाहीत, समजावलं नाही. "असू दे पेन्सिलीत," म्हणाले, "तेवढं चालेल. बाईंना सांगू, हा एक बघून घ्या." आणि कुशीवर वळले.

चालेल! एकोणतीस वर्षं मी दुसऱ्या बायकांचे शर्ट परत पाठवले. कुणाचं लेकरू आजारी, कुणाची पाळी, कुणाचा नवरा दारू पिऊन आलेला, मला सगळं कळायचं आणि मी तरी फुली मारायचे. आणि न बघता पास केलेला माझा पहिला नग तो हा. त्या शिवणकामवाल्या बाईच्या दारातला. मला माझी इतकी लाज वाटली की मी चहासुद्धा न घेता पहार उचलली.

पुन्हा ऊन. मी पिवळ्या भिंतीपासून एकेका ब्लॉकवर पहार आपटत निघाले. आवाजाने वरच्या दुकानातून शिवणकामवाली बाई बाहेर आली. तळघर सोडून तिने रस्त्याच्या पातळीवर दुकान घेतलं होतं. तिचेही केस पांढरे झाले होते. "काकू, हे काय चाललंय?"

मी सांगितलं. ती भिंतीकडे बघून म्हणाली, "पण काकू, ही ती भिंत नाहीच. जुनी पाडली ना. ही तीन वर्षांपूर्वी पुढे घेऊन बांधली, रंग फक्त तोच दिला."

मी हसले की रडले, आठवत नाही. भिंत दोन मीटर पुढे आली होती आणि मी सावलीत बसून केलेला गुणाकार घरी घेऊन गेले होते. नळ फुटला असता तर माझ्या आकड्यावर खणलं असतं, आणि पाणी पुन्हा हिच्याच दारात. मी तिला म्हटलं, "तुमच्याकडे मोठा स्क्रू ड्रायव्हर आहे का?" तिने मशीनच्या खणातून काढून दिला आणि स्वतःही पदर खोचून खाली बसली. परवानगी वगैरे कुणाला विचारली नाही. दोघींनी मिळून ब्लॉक उचकटले. एक, दोन, पाच, नऊ. नवव्याखालची रेती बाजूला केली तर लोखंड लागलं. झाकण उचलायला दोघींचा जीव मेटाकुटीला आला. आत चिखल, आणि चिखलात तो.

शिवणकामवाली बाई आत डोकावत म्हणाली, "एवढासाच होय?"

टेप लावली. अकरा मीटर नव्वद. झाकण बसवलं, ब्लॉक लावले, तिने दिलेलं पाणीसुद्धा मी प्यायले नाही.

दोन मजले चढताना तीनदा बसले. दार उघडंच होतं. हे खिडकीपाशी होते. त्यांनी आधी माझे हात पाहिले, मग तोंडाकडे पाहिलं. मी हात धुवायला निघाले तर म्हणाले, "थांब. आधी आकडा."

"अकरा नव्वद. भिंत नवी आहे. जुनी पाडली, पुढे बांधली."

त्यांनी खोडरबर घेतला आणि पेन्सिलीची ओळ सावकाश पुसली. पेनाचं टोपण काढलं. त्यांनी पेन माझ्या पुढे केलं. "तू लिही."

"माझे हात बघा कसे आहेत."

"असू देत."

मी लिहिलं. नव्या पिवळ्या भिंतीच्या कोपऱ्यापासून अकरा मीटर नव्वद. पेव्हर ब्लॉकखाली. अठरा फेरे, सुलटा. मग विचारलं, "स्वभाव?"

हे खिडकीबाहेर बघत बोलले, आणि मी जसंच्या तसं उतरवलं. 'हा गरीब आहे. अडत नाही, ओरडत नाही, अठरा फेऱ्यांत गुपचूप बंद होतो. फक्त कुठे आहे हे कुणालातरी माहीत पाहिजे.'

शेवटचा रकाना राहिला. 'कोणी पाहिला.' माझं पेन थांबलं. सवयीने 'हिने' लिहायला गेले आणि लक्षात आलं, लिहिणारी तर मीच आहे.

"काय लिहू हो?" मी विचारलं.

"पाहिलास ना?"

"पाहिला."

"मग?"

मी 'स्वतः' लिहिलं. शाई ओली असतानाच माझ्या अंगठ्याचा काळा ठसा त्याच्या शेजारी उमटला. मी पुसायला गेले तर त्यांनी माझा हात धरला, आणि तसाच धरून ठेवला. पुस्तक संपलं होतं. मी हात धुवायला उठायचं ठरवलं होतं, पण तिथेच बसून राहिले.